आता उरल्या किती?

मिसळणाचा डबा ओट्यावर घ्या आणि आतल्या सातही वाट्या बाहेर काढा. हळद, तिखट आणि मोहरी एवढ्या तीन पुढे ओढा. बाकीच्या चार सध्या बाजूला राहू देत. या तीन वाट्या एका ओळीत किती तऱ्हांनी मांडता येतील? तोंडी उत्तर देऊ नका. हाताने मांडा आणि प्रत्येक मांडणी झाली की कागदावर टिपा.

माझ्याकडे अकरावीची मुलं शिकायला येतात, तेव्हा पहिल्या दिवशी मी हेच करायला लावते. चार मांडण्या भराभर लिहून होतात. पाचवीला हात थबकतो. मग आधीच लिहिलेली एखादी पुन्हा लिहिली जाते, ती खोडली जाते, कुणी पाचवर थांबतं, कुणी सातवर पोचतं. उत्तर सहा आहे हे काहींना आधीच ठाऊक असतं. त्यांना मी विचारते, ‘सहाच कशावरून? सातवी कुठे लपून बसली नसेल कशावरून?’ यावर मात्र सगळे गप्प.

म्हणून दुसऱ्यांदा शिस्तीने मांडायचं. पहिल्या जागी हळद पक्की करा. आता उरल्या किती? दोन. त्या दोघींच्या मांडण्या दोनच, तिखट-मोहरी किंवा मोहरी-तिखट. हळद उचला, तिच्या जागी तिखट आणा, पुन्हा दोन. मोहरी आणा, पुन्हा दोन. तीन दुणे सहा. सातवी मांडणी असायची तर तिच्या पहिल्या जागी कुणीतरी बसलेलं असणार, आणि पहिल्या जागी बसू शकणाऱ्या तिघींचा हिशेब तर संपला. आता सहा हा आकडा पाठ करावा लागत नाही, तो दिसतो.

जिऱ्याची वाटी जवळ ओढा. पहिल्या जागी चौघींपैकी कुणीही येईल. ती बसली की उरल्या तीन, आणि तिघींचं काय होतं ते आत्ताच मोजून झालंय : सहा. चार सक चोवीस. हिंग पाचवा आला की पाच गुणिले चोवीस, एकशेवीस. मेथी सहावी, सातशेवीस. धने-जिऱ्याची पूड सातवी, पाच हजार चाळीस. प्रत्येक वेळी मागचंच उत्तर उचलायचं आणि नव्या संख्येने गुणायचं.

यालाच फॅक्टोरियल म्हणतात, पुस्तकी मराठीत क्रमगुणित. ४ × ३ × २ × १ हे थोडक्यात ४! असं लिहायचं आणि ‘फोर फॅक्टोरियल’ असं वाचायचं. उद्गारचिन्हाची ही खूण फ्रेंच गणिती ख्रिस्तियान क्राम्प यांनी १८०८ मध्ये वापरली. पाठ्यपुस्तकांत गाडी बहुधा उलटी जुंपलेली असते : आधी ‘एन गुणिले एन वजा एक गुणिले…’ अशी व्याख्या, मग पंधरा गणितं, आणि वस्तू आल्याच तर अगदी शेवटी. मुलं व्याख्या घोकतात. मांडणी विचारली की गुणायचं की मिळवायचं इथेच अडतात. मिळवायचं का नाही, याचं उत्तर वाट्यांतच आहे. पहिल्या जागेची प्रत्येक निवड मागे आख्खा सहांचा गठ्ठा घेऊन येते. असे चार सारखे गठ्ठे, म्हणून गुणाकार. गठ्ठे सारखे नसते तर मिळवतच बसावं लागलं असतं.

सात वाट्यांचा ५,०४० हा आकडा गाणाऱ्यांच्या जुन्या ओळखीचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा ग्रंथ त्याचाच. पदाने तो राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि ग्रंथात स्वरांचा विचार करताना त्याचा हा पेशा लपत नाही. सात स्वर, प्रत्येक एकदाच घ्यायचा, तर किती वेगवेगळे क्रम? सरळ आरोह धरून ५,०४०. एवढ्यावर थांबला असता तर तो नुसता गुणाकार झाला असता. त्याने पुढे विचारलं : या ५,०४० मधली अमुक क्रमांकाची तान, म्हणजे स्वरांची मांडणी, कोणती, हे सगळी यादी न लिहिता सांगता येईल का? याला ‘नष्ट’ म्हणत. आणि उलट, तान समोर आहे, तर यादीत तिचा क्रमांक कितवा? हे ‘उद्दिष्ट’.

हे करून बघण्यासारखं आहे, कारण फॅक्टोरियलच्या पोटात काय असतं ते इथे उघडं पडतं. पेटी नसली तरी चालेल, कागद पुरे. त्याच्या पद्धतीत तीन स्वरांची यादी अशी लागते :

सा रे ग
रे सा ग
सा ग रे
ग सा रे
रे ग सा
ग रे सा

शेवटचा स्तंभ वरून खाली वाचा : ग ग, रे रे, सा सा. आधी सगळ्यात वरचा स्वर शेवटी उभा राहतो आणि उरलेले दोघे त्याच्यासमोर आपली अदलाबदल पूर्ण करतात. मग त्याच्या खालचा स्वर शेवटी येतो. वाट्यांच्या खेळात आपण पहिली जागा पक्की करत होतो, इथे शेवटची. फरक तेवढाच. चार स्वर घेतले तर शेवटी म असलेल्या सहा ताना आधी, मग ग असलेल्या सहा, मग रे, मग सा. सहा-सहाचे चार गठ्ठे.

आता चार स्वरांतली पंधरावी तान शोधू. सहाचे दोन गठ्ठे, म्हणजे बारा, मागे टाकले. आपण तिसऱ्या गठ्ठ्यात आलो. गठ्ठ्यांची ओळ म, ग, रे, सा अशी, तेव्हा शेवटी रे. तो बाजूला काढा. उरले सा, ग, म आणि पंधरातून बारा गेल्यावर यांच्यातली तिसरी मांडणी हवी. इथे दोन-दोनचे गठ्ठे. तिसरी मांडणी दुसऱ्या गठ्ठ्यात पडते, म्हणून वरून दुसरा स्वर शेवटी : ग. उरले सा आणि म, आणि त्यांची पहिलीच मांडणी. तान झाली सा म ग रे.

सात स्वरांत गठ्ठा ७२० चा. तीन हजारावी तान हवी असेल तर ७२० चे चार गठ्ठे, २,८८०, मागे टाका. पाचव्या गठ्ठ्यात आलो, नि ध प म ग असं मोजत खाली या : शेवटी ग. उरलेल्या सहा स्वरांत आता १२० वी मांडणी हवी. तिथला गठ्ठाच १२० चा, म्हणजे पहिल्याच गठ्ठ्यातली शेवटची. म्हणून त्याआधी नि. उरले सा रे म प ध, त्यांच्या एकंदर मांडण्याच १२०, आणि आपल्याला हवी अगदी शेवटची. शेवटची म्हणजे पूर्ण उलटी : ध प म रे सा. तेव्हा तीन हजारावी तान ध प म रे सा नि ग. पहिल्यांदा केलं तेव्हा मला सहा-सात मिनिटं लागली होती आणि मध्ये एकदा चुकलेही होते. यादी लिहायला बसले असते तर वह्या भरल्या असत्या.

या गणितासाठी शार्ङ्गदेवाने आखलेल्या कोष्टकाला खंडमेरू म्हणतात. गाण्यात हा विचार मेरुखंड या नावाने टिकला. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांच्या आणि पुढे अमीर खाँसाहेबांच्या गायकीबद्दल बोलताना तो शब्द हमखास येतो. ५,०४० पैकी सगळ्याच ताना कानाला गोड लागतात असं नाही, आणि राग तर त्यातल्या कितीतरी सरळ बाद करतो. पण आधी सगळं समोर मांडायचं आणि मग निवडायचं, ही हिशेबनिसाची सवय गवयालाही उपयोगी पडली.

याच सिंघणाच्या दरबारात मुख्य ज्योतिषी होता चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात या घराण्याची माहिती कोरलेली आहे. आजोबांनी ‘लीलावती’ लिहिली ती ११५० च्या सुमारास, आणि तिच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव अंकपाश. तिथे हाच हिशेब आहे, आणि उदाहरणं अशी की एकदा ऐकली की विसरत नाहीत. विष्णूचे हात चार, त्यांत शंख, चक्र, गदा, पद्म. हातांतली आयुधं आपापसांत बदलली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? चोवीस.

संध्येची किंवा पूजेची चोवीस नावं ज्यांच्या कानावर आहेत त्यांनी इथे थोडं थांबावं. केशव, नारायण, माधव, गोविंद इथून सुरू होऊन हरी आणि श्रीकृष्ण इथवर येणारी ती नावं चोवीसच आहेत. मूर्तिशास्त्रात या प्रत्येक नावाला चार आयुधांचा एकेक क्रम नेमून दिलेला आहे. कोणत्या नावाला कोणता क्रम, याबाबत ग्रंथाग्रंथांत थोडे फरक सापडतात. पण पंचविसावा क्रम कुणालाच सापडणार नाही. देवळात किंवा संग्रहालयात उभी चतुर्भुज मूर्ती दिसली की खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून आयुधं ओळीने टिपून घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच टिपू द्या. फॅक्टोरियलचा यापेक्षा चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

भास्कराचार्यांचं दुसरं उदाहरण शंभूचं. हात दहा, आयुधं दहा : पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. मूर्ती किती? १०!, म्हणजे ३६,२८,८००. आकडा वाचून काहीच वाटत नाही, म्हणून तो वेळेत मोजून पाहा. शंभूने दर सेकंदाला आयुधांची नवी मांडणी केली, झोप नाही, जेवण नाही, तर सगळ्या मांडण्या संपायला बरोबर सहा आठवडे लागतील. एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. महाशिवरात्रीला सुरुवात झाली आणि मध्ये अधिक मास आला नाही, तर रामनवमी उलटून दोन-तीन दिवस झालेले असतील. चार आयुधांचं काम चोवीस सेकंदांत आटोपलं होतं.

अंकपाशातली एक युक्ती परीक्षेतही उपयोगी पडते. ३, ९ आणि ८ हे अंक घेऊन तीन अंकी संख्या सहा होतात हे आता कुणीही सांगेल. त्या सहांची बेरीज किती? लिहून काढू नका. एककाच्या घरात प्रत्येक अंक सारख्याच वेळा येणार, सहा मांडण्या आणि तीन अंक, म्हणजे दोन-दोनदा. तिघांची बेरीज २०, दुप्पट ४०. दशकाच्या आणि शतकाच्या घरातही हेच. तेव्हा ४० + ४०० + ४,००० = ४,४४०. विश्वास बसत नसेल तर आता लिहून मिळवा.

फॅक्टोरियल किती झपाट्याने वाढतं याची चुणूक शंभूने दिलीच आहे. शाळेतल्या साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६९! पर्यंत उत्तर येतं, ७०! म्हटलं की बहुतेक यंत्रं एरर दाखवतात, कारण उत्तर शंभरापेक्षा जास्त आकडी होतं. पत्त्यांच्या जोडात पानं बावन्न. त्यांच्या मांडण्यांची संख्या ६८ आकडी आहे. रमीला बसताना नीट पिसलेला जोड ज्या क्रमाने तुमच्या हातात आला, तो क्रम याआधी पृथ्वीवर कुणाच्याच हातात आलेला नसणार, असं बिनदिक्कत म्हणता येतं. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मला त्यापेक्षा शंभूचे सहा आठवडे आवडतात, कारण ते मोजून पुरे होतात.

खऱ्या आयुष्यात सगळ्या मांडण्या चालत नाहीत. अटी येतात, आणि मुलांचा घोळ तिथेच होतो. अष्टविनायकाची यात्रा घ्या. परंपरेने ती मोरगावला सुरू होते आणि आठही गणपती झाले की पुन्हा मोरगावला येऊन संपते. मोरगाव पक्कं, उरले सात : सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. त्यांचे क्रम ७!, म्हणजे पुन्हा ५,०४०. कुठलाही गाडीवाला यातले बहुतेक क्रम ऐकूनच हसेल. लेण्याद्री आणि ओझर दोन्ही जुन्नर तालुक्यात; एक करून पालीला उतरायचं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा जुन्नरला चढायचं, असं कोण करेल? पाली आणि महड दोन्ही रायगड जिल्ह्यात, त्यांचंही तेच.

तेव्हा लेण्याद्री-ओझर एका दोरीने बांधा, पाली-महड दुसऱ्या. आता सात ठिकाणांऐवजी हाताशी पाच गाठोडी आहेत : दोन जोड्या आणि सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव हे तीन सुटे. पाच गाठोड्यांचे क्रम १२०. पण प्रत्येक जोडीत आधी कोण हे अजून मोकळंच आहे, म्हणून एका जोडीसाठी दोनाने गुणा, दुसरीसाठी पुन्हा दोनाने. ४८०. मोरगावहून निघून मोरगावलाच यायचं असल्यामुळे उलटा मार्गही तेवढ्याच किलोमीटरचा. नुसतं अंतर बघायचं असेल तर निम्मे, २४० मार्ग तपासायचे. परंपरेचा क्रमही या ४८० पैकीच एक आहे. मोरगाव, सिद्धटेक, मग पाली-महड, थेऊर, लेण्याद्री-ओझर, रांजणगाव : दोन्ही जोड्या जागच्या जागी बांधलेल्या.

‘शेजारी-शेजारीच हवेत’ अशी अट दिसली की दोरी काढायची. ‘शेजारी अजिबात नकोत’ अशी असली तर आधी सगळ्या मांडण्या मोजायच्या आणि त्यातून दोरी बांधलेल्या वजा करायच्या. सहा जणांच्या फोटोत भांडलेल्या दोन भावंडांना दूर ठेवायचं असेल तर ७२० मधून २४० गेले, राहिले ४८०.

आणखी एक अट वरचेवर भेटते. ०, १, २, ३ या अंकांपासून चार अंकी संख्या किती? चोवीस म्हणाल तर फसाल, कारण शून्य पहिल्या जागी बसलं की ती संख्या चार अंकी राहत नाही. जी जागा नाजूक, ती आधी भरायची. पहिल्या जागी तिघांपैकी एक. आता उरले किती? तीन, कारण शून्य अजून शिल्लक आहे. मग दोन, मग एक. ३ × ३ × २ × १, अठरा. शेवटून भरायला घेतलं असतं तर पहिल्या जागी पोचल्यावर शून्य संपलंय की नाही याच चौकशीत अडकला असता.

‘आता उरले किती’ हा प्रश्न जिथे लागूच पडत नाही, तिथे फॅक्टोरियल आणू नका. एटीएमचा चार आकडी पिन किती प्रकारे ठेवता येईल? इथे एकदा वापरलेला आकडा संपत नाही, ७ पुन्हा घेता येतो. प्रत्येक जागी दहाच्या दहा पर्याय, म्हणून दहा हजार. पण पिनमधले चार आकडे आठवतात, चारही वेगळे आहेत आणि फक्त क्रम विसरलाय, असं झालं तर मात्र चोवीस शक्यता. बहुतेक ठिकाणी तीन प्रयत्नांत कार्ड बंद पडतं, तेव्हा चोवीसच्या भरवशावर मशीनसमोर उभं राहू नका.

आकडे तेच पुन्हा आले तर? यासाठी ‘बडबड’ हा शब्द घ्या. चार अक्षरं, मांडण्या चोवीस व्हायला हव्यात. लिहून बघा, सहाच्या पुढे जाता येणार नाही : बडबड, बबडड, बडडब, डबडब, डबबड, डडबब. (डोळे भरून आले की ते डबडबतात, तेव्हा या सहांतल्या दोन शब्दांना अर्थ आहे.) बाकीच्या अठरा गेल्या कुठे? दोन ब लाल आणि निळ्या शाईने लिहा, दोन ड हिरव्या आणि काळ्या. आता चोवीसच्या चोवीस वेगळ्या दिसतील. शाईचा रंग पुसला की लाल ब आधी की निळा, हे कळेनासं होतं, म्हणून दोन-दोन मांडण्या एकीत मिसळतात. ड चंही तसंच. चोवीस भागिले दोन, पुन्हा भागिले दोन : सहा. अंकपाशात २, २, १, १ हे अंक घेऊन नेमकं हेच उदाहरण आहे. त्याच्या पुढचं ४, ८, ५, ५, ५ चं. पाच अंक, १२० मांडण्या, तीन पाच आपापसांत सहा प्रकारे जागा बदलतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून १२० भागिले ६, वीस. कशाने भागायचं ते गोंधळात टाकतं तेव्हा रंगीत पेनं काढा. सूत्र नंतर आपोआप येतं.

परीक्षेला जाणाऱ्यांसाठी काही किरकोळ सूचना. २! + ३! म्हणजे ५! नव्हे : पहिलं आठ, दुसरं एकशेवीस. ६! ला ३! ने भागलं की २! येत नाही, वरच्या ६ × ५ × ४ × ३ × २ × १ मधली ३ × २ × १ ही शेपटी कापली जाते आणि ६ × ५ × ४ उरतात, १२०. शेपटी कापायचं हे काम सारखं लागतं. धावण्याच्या शर्यतीत दहा मुलं आणि बक्षिसं तीन, तर पहिल्या जागी दहा, मग नऊ, मग आठ, ७२०, आणि इथे थांबायचं. बाकीचे सात कोणत्या क्रमाने धापा टाकत आले याची नोंद कुणी ठेवत नाही. हेच १०! भागिले ७!.

आणि ० फॅक्टोरियल. ते शून्य नसून एक असतं, आणि मुलांना यात शिक्षकांची काहीतरी लबाडी आहे असं वाटतं. जिना उतरून बघा. २४ ला ४ ने भागलं की ६ येतात, म्हणजे ३!. ६ ला ३ ने, २, म्हणजे २!. २ ला २ ने, १, म्हणजे १!. आता त्या १ ला १ ने भागा, उत्तर १, आणि आपण ०! च्या पायरीवर उभे. हे पटत नसेल तर ओट्याकडे बघा. ओटा रिकामा ठेवायचा एकच प्रकार आहे : काहीच न ठेवणं.

आता वाट्या परत डब्यात. इथे शेवटचा पेच आहे. ओळीत मांडताना पहिली जागा कोणती ते ठरलेलं होतं, पण डबा गोल. एक वाटी मधोमध, सहा भोवती. डबा फिरवला तर भोवतालची मांडणी फिरते, पण कुणाच्या शेजारी कोण आहे ते बदलत नाही, म्हणून ती वेगळी मांडणी धरायची नाही. मधली वाटी सातांपैकी कोणतीही. भोवतालच्या सहांतली एक, समजा मोहरी, तुमच्याकडे तोंड करून पक्की ठेवा. आता डबा फिरायचा थांबला. मोहरीच मधे गेली असेल तर दुसरी कोणतीही वाटी खुंटीला धरा. उरल्या पाच, त्यांच्या मांडण्या १२०. सात गुणिले १२०, ८४०. पडताळा हवा असेल तर ५,०४० ला सहाने भागा, कारण प्रत्येक मांडणी डबा फिरवून सहा वेळा मोजली गेली होती.

आमच्या घरी या ८४० पैकी एकच चालते. हळद मधोमध, तिखट मोहरीपासून लांब, आणि हिंगाची वाटी सासूबाईंच्या उजव्या हाताला, असा त्यांचा शिरस्ता आहे. गेल्या आठवड्यात मुलांना शिकवून झाल्यावर मी घाईत वाट्या कशाही परत ठेवल्या. संध्याकाळी आमटीला फोडणी देताना सासूबाईंनी न बघता हात घातला आणि तेलात मोहरीच्या जागी मेथी पडली.